टाकीचे बारा पाय

"ताई, मी इथे बुडते आणि तिथे बुडत नाही!" चिमणी ओरडली.

टाकीत धिंगाणा घालणारी मुलं थबकली. चिमणी सहा वर्षांची. फाटकाच्या बाजूला उभी राहिली की पाणी तिच्या हनुवटीला टेकायचं. झाडाच्या बाजूला गेली की खांदेसुद्धा कोरडे!

"पाणी तिरकं झालंय!" बडबड्याने जाहीर केलं. तो आठवीत होता आणि गप्प बसणं सोडून त्याला सगळं येत असे.

"शहाणाच आहेस! पाणी कधी तिरकं होत नाही," मोजपट्टी म्हणाली. "टाकीच तिरकी आहे!"

मोजपट्टी ही चिमणीची थोरली बहीण. खिशात टेप आणि हातात वही असल्याशिवाय ती कचरा टाकायलाही जात नसे. इमारतीच्या पायऱ्या, गच्चीचा कठडा, शेजारच्या मांजराची शेपटी (मांजर राजी असेल त्या दिवशी), सगळ्याची नोंद तिच्याकडे होती.

मुलांना डुंबायला ही टाकी आठ दिवसांपूर्वीच इमारतीच्या अंगणात उभी राहिली होती. पत्र्याची गोल भिंत, आत जाड निळं प्लास्टिक आणि भोवती बारा लोखंडी पाय. मोजपट्टीने प्रत्येक पायापाशी काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडला. झाडाकडे वीस सेंटीमीटर, फाटकाकडे अकरा!

"नऊचा फरक! आजोबांना बोलाव, पळ!"

आजोबा म्हणजे मोजपट्टीचे आणि चिमणीचे आजोबा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. टाकीसाठी जागा त्यांनीच सपाट केली होती, चार दिवस खपून. उंचवटा खणून काढला, गोल आखला, प्रत्येक पायाखाली जमिनीच्या पातळीत एकेक फरशी बसवली. मोजपट्टीने प्रत्येक माप ओरडून सांगायचं आणि आजोबांनी दरवेळी एकच उत्तर द्यायचं : "परत मोज."

आजोबांनी टाकीकडे एकदाच पाहिलं.

"सगळे बाहेर! आधी निम्मं पाणी सोडा. सगळा भार एकीकडे येतोय, भिंत फाटेल."

तेवढ्यात सेक्रेटरीकाका आले. इमारतीतलं पानही त्यांना विचारल्याशिवाय हलू नये, अशी त्यांची इच्छा असे. पानं ऐकत नसत, ही गोष्ट वेगळी.

"आजोबा, जागा तुम्हीच केली होती ना?" काका हसत म्हणाले. "चालायचंच हो! वय झालं की नजर दगा देते. उद्या काढूनच टाकू टाकी. कटकटच नको!"

आजोबा घरी गेले आणि आपली पातळी तपासायची पाणसळीची पारदर्शक नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. दुपारी मोजपट्टीने मुद्दाम सांगितलं, "आजोबा, आपलं टेबल एकशे वीस सेंटीमीटर आहे." ते "असेल" म्हणाले. परत मोज म्हणालेच नाहीत!

मोजपट्टीने वहीची मागची पानं उलटली. ती वही घेऊन तडक जिन्यात गेली. तिथे बडबड्या आणि चिमणी बसलेच होते.

"हे बघा! आजोबांनी जागा केली त्या दिवशीची नोंद. झाडाच्या खोडापासून सगळ्यात जवळची फरशी दोन मीटर दहा. आणि मघाशी मी खोडापासून टाकीचा पाय मोजला. तीन मीटर!"

"म्हणजे टाकी चालत गेली?" चिमणीने डोळे मोठे केले.

"बारा पाय आहेत, गेली असेल!" बडबड्या म्हणाला. मग एकदम चपापला. "थांब! खोड आणि टाकीच्या मध्ये काय आहे?"

तिघांनी जिन्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं. झाडाच्या गार सावलीत सेक्रेटरीकाकांची नवी गाडी ऐटीत उभी होती.

"आजोबांच्या फरश्या गाडीखाली असणार! पण गाडी हलवणार कोण?"

"काकाच हलवतील," बडबड्या म्हणाला. "आपण फक्त पुण्य करायचं."

अर्ध्या तासात गाडीच्या बरोबर वरच्या फांदीला पाण्याचं भांडं लटकलं आणि शेजारी मूठ-मूठ दाणे पसरले. चिमण्या आल्या, कबुतरं आली, कावळे तर नातेवाईक घेऊन आले. आणि गाडीच्या चकचकीत टपावर पहिला पांढरा ठिपका पडला... पट्!

"अरे! अरे! हे काय?" काका गॅलरीतून ओरडले.

"उन्हाळा आहे ना काका, पाखरांना पाणी ठेवलंय!" बडबड्या गोड आवाजात म्हणाला. "आमच्या शाळेतल्या बाई सांगतात!"

काका धावत खाली आले आणि गाडी थेट फाटकाबाहेर नेऊन कापडाने पुसत बसले.

"चला!"

तिघं मातीवर तुटून पडली. वरचा पालापाचोळा खरवडला आणि चिमणीचं बोट टणक काहीतरी लागून थांबलं.

"फरशी!"

एक नाही, तीन! टाकीच्या बाहेर, गोलात वाकलेल्या ओळीत बसलेल्या, भक्कम. आणि फाटकाकडचे टाकीचे पाय? त्यांच्याखाली भुसभुशीत वाळू आणि चेपून गेलेले पुठ्ठ्याचे तुकडे!

मोजपट्टी घरून नळी घेऊन आली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर उभं राहतं, टोकं कितीही लांब असोत. ही आजोबांची पद्धत तिला पाठ होती. बडबड्याने एक टोक पहिल्या फरशीवर उभं धरलं, तिने दुसरं तिसरीवर.

"तुझ्याकडे किती?"

"फरशीपासून पाणी ऐंशीवर!"

"माझ्याकडे त्र्याऐंशी!" तिचा चेहरा पडला. तीनचा फरक! म्हणजे आजोबांची नजर खरंच...

"बुडबुडा काढ आधी!" वरून खणखणीत आवाज आला. आजोबा गॅलरीत उभे होते. "नळीत हवा अडकलीय. टोक खाली घे, पाणी वाहू दे. आणि परत मोज!"

मोजपट्टीने नळी झटकली, पाणी वाहू दिलं, एकेका फरशीवर परत मोजलं.

"एक्याऐंशी!"

"इथेही एक्याऐंशी! तिन्ही फरश्या एक्याऐंशी!"

गॅलऱ्या आता माणसांनी भरल्या होत्या. टाकी उभी करणारा फिटर पाणी सोडायला आला होता, त्याला मोजपट्टीने गाठलंच.

"फिटरमामा, खरं सांगा. टाकी फरश्यांवरून कुणी सरकवली?"

फिटरने डोकं खाजवलं. "अगं, मला सेक्रेटरीसाहेब म्हणाले, तीन फूट इकडे घे, गाडीला सावली हवी. इकडे उतार होता. मग वाळू टाकून भागवलं."

"भागवलं!" जिना उतरून आलेले आजोबा म्हणाले. "भरलेली वाळू पाण्याच्या भाराखाली बसतेच. उंच बाजू खणायची असते, खोलगट बाजू भरायची नसते."

सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. काका हातात कापड घेऊन उभे होते. चेहरा गाडीपेक्षा जास्त पुसल्यासारखा.

"माझं चुकलं, आजोबा," ते शेवटी म्हणाले. "आणि नजरेबद्दल बोललो, ते तर फारच चुकलं."

"बोलू नका, पाटी उचला," आजोबा म्हणाले.

दोन दिवस अंगण दणाणून गेलं. टाकी रिकामी झाली, सुटी झाली. काकांनी वाळूच्या पाट्या वाहिल्या आणि त्यांच्या प्रत्येक खेपेला बडबड्याने मोठ्याने आकडा पुकारला. फरश्या पुन्हा तपासल्या गेल्या. आजोबांची एकही हलवावी लागली नाही! फिटरने बारा पाय बारा फरश्यांवर उभे केले, निळं प्लास्टिक ताणून बसवलं आणि पाणी सोडलं.

संध्याकाळी टाकी भरली तेव्हा सगळी इमारत भोवती उभी होती. मोजपट्टी एका पायापासून दुसऱ्याकडे टेप सोडत निघाली. पंधरा. पंधरा. पंधरा... चिमणी मागून बोटं मोजत होती आणि बोटं संपल्यावर बडबड्याची वापरत होती.

"बारापैकी बारा! सगळीकडे पंधरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मुलं नसती तर मी चांगल्या कामाला नावं ठेवत बसलो असतो!" फिटर तर म्हणाला, "पोरी, पुढच्या टाकीला तुलाच घेऊन जातो."

मोजपट्टीचं लक्ष एकाच माणसाकडे होतं. तिने वही आजोबांपुढे धरली. त्यांनी चष्मा वर सरकवून बाराही आकडे सावकाश वाचले.

"परत मोजू?" तिने विचारलं.

आजोबांनी वही मिटून तिच्या हातात दिली.

"कशाला?" ते म्हणाले. "तू मोजलंयस ना!"