ऑफिसरबाईंचा चहा

“कृपया ऐका, चौदा वर्षांची पोर आहे हो! कोंडून ठेवून ती सुधारेल, की…”

“की? पुढे काय?” बाकावरचा माणूस म्हणाला.

ती दचकली. बालन्यायालयाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत ती केव्हाची मोठ्याने भाषण घोकत होती, आणि हा मेला सगळं ऐकत होता! प्रोबेशन ऑफिसर म्हणून तिची ही पहिलीच केस. सगळे जिला ‘तुफान’ म्हणत, त्या पोरीने रागाच्या भरात एका घड्याळवाल्याच्या दुकानाची काच फोडली होती, आतली घड्याळंसुद्धा. घड्याळवाला राजी झाला तर ती त्याच्याच दुकानात काम करून भरपाई करणार. नाहीतर रिमांड होम.

“तो घड्याळवाला म्हणे महाखडूस आहे. कसं पटवू त्याला?”

“‘कृपया’ गाळा. आणि… डोळे असेच मोठे करा.”

“अहो!”

तेवढ्यात शिपायाने घड्याळवाल्याला पुकारलं, आणि बाकावरचा माणूस उठला! धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आत मात्र तो लगेच म्हणाला, “येऊ दे पोरीला. मोडलंय ते जोडायला शिकेल.”

मग दर आठवड्याला तिची दुकानात फेरी. भिंतभर टिकटिक, डोळ्याला भिंग लावलेला तो, शेजारी चिमटा धरून बसलेली तुफान. तो चहा पुढे करायचा.

“केस चालू असेपर्यंत इथलं पाणीसुद्धा नाही. नियम आहे.”

“चहाने निकाल बदलतो होय?”

“माझा बदलेल,” ती बोलून गेली, आणि कान तापले. चहा तुफानने संपवला. दरवेळी तीच संपवायची.

घरी ऑफिसरबाईंचं चित्त थाऱ्यावर नसे. “भाजीत दोनदा मीठ? कुणाच्या विचारात असतेस गं?” आई विचारी.

एकदा मात्र तुफानची जागा रिकामी! “दुपारपासून नाहीये…” तो म्हणाला. गैरहजेरी कळवली की रिमांड होम. लपवली तर ते खोटं.

“संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? चला.” त्याने शटर ओढलं.

भुरभुर पावसात, एका छत्रीत, दोघांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. तुफान बसथांब्यावर सापडली, दुरुस्त घड्याळ पोटाशी धरून.

“ज्यांचं हे घड्याळ, त्या आजोबांना द्यायला निघाले होते… घरच सापडेना. काम अर्धवट टाकून कशी येऊ?”

ते ऐकून ऑफिसरबाईंना हसू आलं, रडूही आलं. छत्रीच्या दांड्यावर त्याचा हात तिच्या हातावर होता. दोघांनीही काढला नाही.

केस बंद झाली त्या दुपारी, काही काम नसताना ती दुकानात गेली. चहा आला. तुफानचा हात सवयीने कपाकडे वळला.

“ए, हात मागे! आजचा माझा.”

तिने घोट घेतला. “साखर विसरलात.”

“विसरणारच! जीव थाऱ्यावर होता कुठे? तुम्ही… मला फार आवडता. भाषण घोकलं होतं, तेही विसरलो.”

“बरं झालं,” ती हसली. “मलाही तुम्ही आवडता… ‘कृपया’ गाळून.”

“मी साखर आणते!” म्हणत तुफान सुसाट बाहेर पळाली. कुठे चाललीस, किती वाजता येशील, असं आज तिला कुणीच विचारलं नाही.