मधुमतीची पंधरा मिनिटं

शशिधर नाडगौडा मैफलींना जायचा तो बायकोचा ड्रायव्हर म्हणून. हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट, वय छप्पन्न. दिवसभर अंधाऱ्या खोलीत एक्स-रे बघायचे आणि फिल्मवर जे दिसतं तेवढंच रिपोर्टात लिहायचं, वर एक शब्द नाही, असा त्याचा खाक्या. गाण्यात विलंबित सुरू झालं की दहाव्या मिनिटाला त्याची मान छातीवर पडायची. मग मधुमती त्याला कोपराने ढोसायची आणि कानाशी म्हणायची, "अहो, घोरा हवं तर, पण निदान सुरात घोरा."

तिला मात्र गाण्याचं वेड. लंडनचा मोठा हॉल असो की लेस्टरमधल्या एखाद्या शाळेचं जिम, तंबोरे लागणार असं कळलं की हिचं जेवण डब्यात आणि नवरा गाडीत. आणि ऐकून आल्यावर कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. नवऱ्याला सांगून काय उपयोग? गाढवापुढे वाचली गीता! म्हणून चौऱ्याऐंशी साली तिने ती फिरती कॅसेट काढली.

ती भानगड अशी. साउथहॅम्प्टनला मधुमती, ब्रॅकनेलला यशोधन, तिशीचा, पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला, आणि ग्लासगोला सुप्रभाताई, साठीच्या, फॅमिली डॉक्टर, तोंडाच्या फटकळ. तिघंही गाण्यासाठी जीव टाकणारे. एकच कॅसेट तिघांत पोस्टाने फिरायची. तिच्या एका बाजूची पंचेचाळीस मिनिटं सारखी वाटून घेतलेली: पहिली पंधरा साउथहॅम्प्टनची, मधली ब्रॅकनेलची, शेवटची ग्लासगोची. अलीकडे कुठली मैफल ऐकली, कुठे रंगली, कुठे पडली, तबलजीने कुठे घाई केली, सगळं त्यात बोलायचं. फेरी पूर्ण होऊन कॅसेट घरी आली, की दुसऱ्यांचं ऐकायचं, आपला जुना भाग पुसायचा आणि त्याच जागी नवीन बोलायचं.

सुप्रभाताई एकदा म्हणाल्या होत्या, जुन्या कॅसेटी जपून ठेवू या. मधुमतीने ते उडवून लावलं. "मैफल संपली की संपली. गप्पा काय लोणच्यासारख्या मुरवत ठेवायच्या?" नियम तिचा, त्यामुळे सगळ्यांनी पाळला.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, टोस्ट करपल्याचा वास आला म्हणून शशिधर खाली गेला, तर मधुमती किचनच्या फरशीवर पडलेली. अँब्युलन्स येईपर्यंत तो तिची छाती दाबत राहिला. तिचं हृदय थांबलेलं आहे हे त्याला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं.

मार्चच्या सहा तारखेच्या मैफलीची दोन तिकिटं तिने जानेवारीतच काढून ठेवली होती. तिकीट वाया गेलेलं तिला खपत नसे, म्हणून तो एकटाच लंडनला गेला. रविवार दुपार, तीनची वेळ. गाणाऱ्या बाईंनी भीमपलास गायला. शशिधरला त्या दिवशी झोप आली नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्याने आपला कोट ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात ग्लासगोहून कॅसेट आली. ताईंनी मधुमतीच्या जाण्याबद्दल चार वाक्यं बोलून पुढे रडू आवरत मशीन बंद केलं होतं. आता पाळी साउथहॅम्प्टनची. शशिधरने वाटलं तेवढं बोलू असं ठरवलं, टेप सुरुवातीला नेली आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. पण तोंडून शब्द फुटेना. भीमपलास भीमपलासासारखा होता, यापलीकडे त्याला काय येत होतं? कॅसेट फिरत राहिली, तो बसून राहिला. काउंटरवर ब्रॅकनेलची जागा आली तेव्हा सवयीने त्याने बटण बंद केलं.

मग त्याला उमगलं. त्या पंधरा मिनिटांत मधुमती होती. जानेवारीत बोललेली. घरात दीडशे कॅसेटी होत्या, साऱ्या दुनियेचे गळे त्यांत होते, पण तिचा बोलण्याचा आवाज त्या एका जागेखेरीज कुठेही नव्हता. फोटो होते पेटीभर. फोटो काय बोलतात? त्याने कॅसेट मागे नेऊन लावली. नुसती खरखर. जाणता डॉक्टर, पण त्या संध्याकाळी तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता.

दोन दिवसांनी त्याने कॅसेट ब्रॅकनेलला पाठवून दिली. त्या खरखरीजवळ त्याला राहवेना.

शुक्रवारी संध्याकाळी यशोधनचा फोन आला.

"काका, कॅसेट मिळाली. काकूंचा भाग तुम्ही पुसला नाहीत, ते फार बरं केलंत. ऑनेस्टली. मी दोनदा ऐकला."

म्हणजे पुसलं गेलंच नव्हतं! मशीनमध्ये काहीतरी बिघाड, दुसरं काय! "यशोधन, त्या कॅसेटला हात लावू नकोस. मी उद्या सकाळी येतो."

शनिवारी दहा वाजता तो ब्रॅकनेलच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये होता. यशोधनने चहा ठेवला, कॅसेट लावली आणि समोर मांडी घालून बसला. खरखर सुरू झाली. शशिधर पुढे वाकला. खरखरच. एक मिनिट, दोन मिनिटं. त्याने वर पाहिलं तर यशोधन मान डोलावत होता. मग तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

"सेम टू सेम काकू," तो म्हणाला. "हे म्हणावं तर त्यांनीच."

"काय म्हणाली?"

यशोधनने त्याच्याकडे पाहिलं. "काका, आत्ता म्हणाल्या ना. हार्मोनियमवाला गायिकेच्या पुढे पळतोय, जसा काही त्याची शेवटची बस सुटणार आहे."

"मला ऐकू येत नाहीये."

"आवाज वाढवू?"

"आवाज नाहीच आहे यशोधन! नुसती टेप फिरतेय!"

यशोधनचा चेहरा उतरला. शशिधरला क्षणभर वाटलं, हा आपली चेष्टा करतोय, आणि तो तसं बोललाही. यशोधन दुखावला, पण त्याने टेप थांबवली नाही. खाली मान घालून, ऐकू येईल तसं तो सांगू लागला. "त्या म्हणतात, ह्यांनी माझ्या खुर्चीवर कोट ठेवला होता. एक गोरी बाई आली, विचारलं, इज धिस टेकन? तर हे म्हणाले, येस, माय वाइफ इज ऑन हर वे." यशोधनने मान वर केली. "काका, ही कुठली मैफल?"

त्या गोऱ्या बाईबद्दल शशिधरने कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ग्लासगोलाही तेच झालं. सुप्रभाताईंनी ऐकलं, शब्द न् शब्द ऐकला, आणि फोनवर तासभर सांगितलं. शशिधरने त्यांना फोनच टेपजवळ धरायला लावला. त्याला पलीकडून खरखर आली आणि मधूनच ताईंचं हसू आलं. फेरी संपवून कॅसेट घरी आली. स्वतःच्या मशीनवर, गाडीतल्या मशीनवर, हॉस्पिटलातल्या डिक्टेशनच्या मशीनवर त्याने ती लावून पाहिली. फिल्मवर जे दिसतं तेच लिहायचं म्हटलं तर लिहायला काहीच नव्हतं.

पण माणूस आशेवर जगतो. आता तो मैफलींना जायला लागला, आपणहून. लेस्टर झालं, बर्मिंगहॅम झालं, ब्रॅकनेलच्या आर्ट्स सेंटरमधलं सतारवादन झालं. प्रत्येक वेळी दोन तिकिटं. घरी येऊन तो लाल बटण दाबायचा आणि पंधरा मिनिटं श्वास रोखून गप्प बसायचा. जुनं पुसलं जायचं, ही एक धास्ती. पण नवीन भरल्याशिवाय कॅसेट पुढे पाठवायची नाही, हा तिचाच नियम. आणि दर वेळी पोस्टातून कॅसेट पोचली की फोन यायचा: काकू बोलल्या.

"कशी बोलते? दमल्यासारखी वाटते का?" तो विचारायचा.

"नाही काका, मजेत असतात."

"माझ्याबद्दल काही?"

"बर्मिंगहॅमला तुम्हाला झोप लागली म्हणतात. ढोसलं तरी उठला नाहीत."

हे ऐकून तो सुखावायचा, आणि फोन ठेवला की मोडून पडायचा. मधुमतीची वाक्यं त्याला पोचत होती, मधुमती पोचत नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे, हळूहळू तिचं बोलणं आठवलं की ते यशोधनच्या आवाजात आठवायला लागलं. तिचा स्वतःचा आवाज, तो 'अहो' म्हणताना किंचित वर जाणारा, मेंदूतून पुसट होत चालला होता. एकदा, फक्त एकदा ऐकू दे, एवढंच तो मागत होता. देवाधर्माचं वावडं असलेला माणूस, देव्हाऱ्यासमोर उभा राहून मागत होता.

सप्टेंबरात लंडनच्या मैफलीत त्याने एक केलं. दिवे मंद झाल्यावर, कुणी पाहत नाही असं बघून, शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर त्याने आपला हात उताणा ठेवला. मैफल संपेपर्यंत ठेवला. काही लागलं नाही.

यशोधनने या वेळी 'काकू बोलल्या' एवढंच सांगून फोन ठेवला. महिन्याभराने सुप्रभाताईंचा फोन आला. त्यांचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे.

"शशिधर, तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

"उत्तम. का हो ताई?"

"ती म्हणते, या वेळी ह्यांनी हात दिला. मी धरून बसले. म्हणते, इथे सगळं कसं छान उबदार आहे, पण ह्यांचा हात फार गार लागला. बर्फासारखा."

शशिधरने आपल्या तळहाताकडे पाहिलं. तो चांगला गरम होता.

"ताई, अजून काय म्हणाली?"

"मला आता ही कॅसेट नको," सुप्रभाताई म्हणाल्या. "यशोधनकडूनच परस्पर परत घे हवं तर. मी म्हातारी बाई, एकटी राहते."

ऑक्टोबरअखेरीस त्याने पुन्हा लाल बटण दाबलं, पंधरा मिनिटं गप्प बसला आणि कॅसेट ब्रॅकनेलला धाडली.

दहा नोव्हेंबरला, गुरुवारी, तो हॉस्पिटलातून येऊन बूट काढत होता तेव्हा फोन वाजला.

"काका, तुम्ही या वेळी काय रेकॉर्ड केलंत?"

"नेहमीचंच. काही नाही."

"तुम्ही बोललायत."

"मी?"

"दोघंही. आधी काकू, मग तुम्ही." यशोधनचा आवाज धड लागत नव्हता. "वीस तारखेची मैफल. लंडनची. चार वाजताच अंधार पडला, म्हणून बाईंनी भर दुपारी संध्याकाळचा मारवा घेतला, असं तुम्ही सांगताय. फार छान सांगितलंयत काका. कोमल रिषभाबद्दल बोललात."

शशिधरला कोमल रिषभ म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. वीस तारीख रविवारी होती, दहा दिवसांवर. दोन तिकिटं त्याने त्याला पिनने टोचून ठेवली होती.

"काका, प्लीज जाऊ नका."

"यशोधन, एक सांग. मी तिच्याशी बोलतो का? का नुसताच आपला बोलतो?"

पलीकडून टेप मागे नेल्याची घरघर आली.

"बोलता. तुम्ही म्हणता, थांब, ते पुन्हा म्हण. मग त्या पुन्हा म्हणतात."

"काय म्हणते?"

"नुसतं 'अहो' म्हणतात."

शशिधरने डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी त्याला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

"मग मी काय करतो?"

"हसता," यशोधन म्हणाला. तो स्वतः रडत होता. "खूप हसता काका."

शशिधरने फोन ठेवला. बूट जागेवर लावले, चहा केला, सावकाश प्यायला. मग पॅडवरचा एक कागद फाडून त्याने दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली, गुंडाळून रिकाम्या बाटलीत घातली आणि बाटली बाहेर पायरीवर ठेवून आला. सोमवार, एकवीस तारखेपासून दूध नको.