एका हातात पुस्तक

तीन वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते असं नाही... दर पानगळीला गावातल्या मृतांच्या नावांची वही चर्चमध्ये वाचायला काढली, की तिच्या पुठ्ठ्याआडून ते पत्र डोकं वर काढायचं, आणि मास्तर ते पुन्हा अलगद आत सारायचे, जणू झोपलेलं मूलच!

आज वहीवरची धूळ पुसताना ते त्यांच्या बायकोच्या हाती लागलं. धाकट्या भावोजींचं अक्षर तिने चष्म्याशिवायही ओळखलं. खिडकीपाशी जाऊन तिने ते वाचलं.

'दादा, आता गुडघे कुरकुरतात. एकदा तुला आईचं नाव वाचताना ऐकावं, एवढीच इच्छा आहे. मागच्या बाकावर बसेन. पण तू ये म्हणालास तरच येईन.'

"जन्मभर पुस्तकांत डोकं घातलंत," ती म्हणाली, "आणि 'ये' हे एक अक्षर लिहवलं नाही?"

"लोक त्याला सुखाने बसू देतील का? घंटा तडकवणारा म्हणून अजून..."

"चाळीस वर्षांत लोक विसरतात हो."

"मी नाही विसरलो." मास्तरांचा आवाज इतका खाली गेला, की तिला जवळ यावं लागलं. "ती घंटा त्याने नाही तडकवली. मी तडकवली."

चर्चची घंटा वाजवण्याचं काम तेव्हा दोघा भावांकडे होतं. दोन्ही हातांनी दोर ओढून अख्खी घंटा झुलवायची, ही रीत. पण मोठ्याला वाचनाचं भारी वेड. म्हणून एका गारठलेल्या सकाळी त्याने दोर थेट आतल्या लोलकालाच बांधला. एका हाताने ओढायचं, दुसऱ्या हातात पुस्तक! स्थिर घंटेवर लोलक एकाच जागी आदळत राहिला, आणि पान उलटता उलटता वर काहीतरी फाटल्यासारखं झालं... घंटेला तडा गेला होता. पुढच्याच आठवड्यात मोठ्याला शाळेत नोकरी मिळायची होती. गाव मनोऱ्याखाली जमलं, तेव्हा धाकटा पुढे झाला आणि म्हणाला, "मी केलं." रात्री भावाला एवढंच म्हणाला, "तुझी शाळा जाईल, दादा. माझं काय जाणार आहे?"

त्याचं गाव गेलं.

बायको खुर्चीवर टेकली. हातातल्या फडक्याची तिने घडी घातली.

"आणि मी त्यांना करंटा म्हणत आले," ती म्हणाली. "हे तुम्ही मला लग्नाआधी सांगितलं असतं, तरी मी तुमच्याशीच लग्न केलं असतं. पण आज चर्चमध्ये सांगितलं नाहीत, तर घरी जेवायला एकटेच बसा."

चर्चमध्ये ओल्या कोटांचा आणि मेणाचा वास होता. जोड्यांना चिकटून आलेली पिवळी पानं बाकांखाली पडली होती. गेल्या चाळीस वर्षांप्रमाणे मोठ्या घंटेऐवजी शाळेची हातघंटा किणकिणली, आणि मास्तर नावं वाचू लागले. वाचता वाचता आईच्या नावाशी आले... आणि थांबले. धाकटा गाव सोडून गेला त्या दिवशी ती दारात उभी होती. जन्मभर तिने त्या दाराला कडी लावली नाही!

मास्तरांनी वही मिटली. मान खाली घालून, अडखळत, त्यांनी सगळं सांगितलं. लोलकाला बांधलेला दोरही आणि हातातलं पुस्तकही.

मग पहिल्या बाकावरून बेकरीवाली आजी काठी टेकत उठली.

"माझ्या नवऱ्याला दफनाला नेलं, तेव्हा घंटा नव्हती," ती म्हणाली. "त्या पोराला मी किती शिव्या घातल्या, देवालाच ठाऊक. मास्तर, आता त्या तुमच्या. सवडीने देईन. आधी कागद काढा."

मास्तरांनी लिहिलं, 'ये.' आजीने त्याखाली आपलं नाव घातलं. मग लोहाराने, मग त्याच्या सुनेने, मग फादरांनी... बाकामागून बाक रिकामे होऊ लागले, कागद भरला, पाठपोट भरला. चाळीस वर्षं मेलेल्यांची नावं वाचणाऱ्या त्या माणसापुढे आज जिवंतांची यादी तयार झाली होती!

लोहार मनोरा चढून, घंटा पाहून खाली आला. "तडा गेलाय, जीव नाही गेला," तो म्हणाला. "हळू झुलवली तर बोलेल. ओढा, मास्तर."

मास्तर दोराकडे वळले. डाव्या हातात वही तशीच होती.

"अहो," बायको म्हणाली, "ती द्या इकडे. दोन्ही हात लागतात."

त्यांनी वही तिच्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी दोर ओढला. वर काहीतरी करकरलं, हललं... आणि घंटा बोलली. घोगरी, चिरकी, पण साऱ्या शिवारावर पोचणारी! आजीने डोळ्यांना पदर लावला. मास्तर ओढत राहिले, खांदे भरून येईपर्यंत. मग दोर त्यांनी लोहाराच्या हाती दिला.

वरती घंटा वाजतच होती. तिच्या आवाजाखालून, पानं तुडवत, मास्तर चौकातल्या टपालपेटीपाशी गेले, पाकिटावरचा पत्ता एकदा बोटाने गिरवून पाहिला, आणि पत्र आत सोडलं.