गाडी धावताना येणारी टिकटिक

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका पुरुषाच्या कानाची, एका तरुणीच्या मोटारसायकलची आणि त्या दोहोंच्या दरम्यान उत्पन्न झालेल्या प्रेमाची हकीकत यथामती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले तरी ग्रंथवाचनाची आवड मला बालपणापासून आहे. टायरमध्ये हवा भरता भरता जे मी डोळ्यांनी पाहिले आणि पुढे त्या दोघांनी स्वमुखाने जे सांगितले, तेवढेच येथे लिहिले आहे. पदरचे काही घातलेले नाही. उपमा तेवढ्या माझ्या आहेत.

माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागूनच मोटारसायकल दुरुस्तीचे एक गॅरेज आहे. त्याचा मालक तिशीतला, अबोल, आणि नखांच्या कडांना कायम काळ्या ऑइलची किनार असलेला. त्याला सगळे कानसेन म्हणत, याचे कारण असे की गाडी दारात उभी राहण्यापूर्वीच तिच्या आवाजावरून तो तिचे दुखणे ओळखत असे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे... आणि वैद्याने नाडी पाहून सांगावे तसे हलकेच म्हणायचे, चेन सैल आहे, किंवा व्हॉल्व्ह वाजतोय. त्याचे निदान चुकल्याचे मला स्मरत नाही.

एके दिवशी सकाळी त्या गॅरेजच्या दारात ती अवतरली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. घरोघरी जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे आणि मोटारसायकलच्या मागे बांधलेल्या बर्फाच्या डब्यातून ते पोहोचवायचे, हे तिचे काम. म्हणून गिऱ्हाइके तिला नमुनेवाली म्हणत. तिचे वडील मात्र लाडाने नुसतेच नमुना म्हणत. तिने हेल्मेट काढले, मान झटकून केस मागे सारले आणि कानापाशी हात नेऊन काहीतरी चटकन खिशात टाकले. कानसेनाने ते पाहावयास हवे होते. परंतु त्या क्षणी तो तिच्या डोळ्यांकडे पाहत होता, आणि त्या डोळ्यांचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे.

"गाडी टिकटिक करते," ती म्हणाली.

"कुठे, ताई?"

"रस्त्यावर."

गाडीच्या कोणत्या भागात, असे त्याला विचारायचे होते. ते तिला सांगता आले नाही. उभ्या गाडीचे इंजिन चालू करून त्याने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, पण टिकटिक काही सापडेना. त्याने विचारले, वेग वाढवला की आवाज वाढतो का? ती म्हणाली, नाही, तेवढाच राहतो. सिग्नलला थांबल्यावर? तेव्हाही तसाच.

हे ऐकून कानसेन बुचकळ्यात पडला. वाचकहो, इंजिनाचा आवाज इंजिनाबरोबर धावतो आणि चाकाचा चाकाबरोबर. वेग कमी असो वा जास्त, एकाच तालात वाजत राहील असा भाग मोटारसायकलमध्ये कोणत्याही कारखान्याने बसविलेला नाही. तरीही त्याने व्हॉल्व्ह नीट बसवून दिले. दोन दिवसांनी ती परत आली. टिकटिक होतीच. त्याने चेन बदलली. ती पुन्हा आली. मग मात्र त्याने अख्खे इंजिन उतरवून शेवटच्या नटापर्यंत खोलले, धुतले, पुसले आणि जोडले.

हे काम चालू असता ती उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून चहा पीत असे आणि आपल्या घरोघरच्या गमती सांगत असे. एक आजोबा सुई दिसली की कुठली कुठली राजकारणाची चर्चा उकरून काढत. एक पैलवान बायकोचा पदर तोंडावर घेऊनच हात पुढे करी. कानसेन मान खाली घालून हसायचा. एकदा ती स्वतःशीच पुटपुटली, हा माणूस हसला की बरा दिसतो. मी पलीकडे ट्यूब घासत होतो. मला ते ऐकू आले नाही. त्याला आले असावे, कारण त्याचे कान कानशिलापर्यंत लाल झाले, आणि हातातला दहाचा पाना ठेवून त्याने बाराचा उचलला.

चौथ्या खेपेस त्याने नेहमीप्रमाणे "या ताई" म्हटले, तेव्हा ती गाडीवरून न उतरताच म्हणाली, "मला घरी दोन भाऊ आहेत. तिसऱ्याची गरज नाही."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. आवाजावरून ओळखता ना सगळं?"

त्या दिवसापासून तो तिला काहीच म्हणेनासा झाला. वाचकहो, बिनसंबोधनाच्या त्या बोलण्यात जो गोडवा होता, तो मोठमोठ्या पदव्यांतही नसेल.

असे असूनही कानसेन आतून सुकत चालला होता, आणि त्याचे कारण मला एकट्याला ठाऊक होते. ज्या उस्तादांच्या हाताखाली तो हे काम शिकला, ते इंजिनांच्या आवाजात तीस वर्षे घालवून पन्नाशीतच बहिरे झाले होते. आता ते ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओठ वाचत असतात. त्यांनी शिष्याला सांगून ठेवले होते की बारीक आवाज आधी जातो, मोठा नंतर. आणि गेलेला परत येत नाही. कानसेनाने मला पाठीमागे उभे करून हळू आवाजात आकडे म्हणावयास लावले. मी म्हटलेले सगळे आकडे त्याने बरोबर सांगितले. परंतु त्याचे समाधान झाले नाही. जी टिकटिक एका साध्या मुलीला रोज ऐकू येते, ती मला येत नाही, याचा अर्थ सरळ आहे, असे तो म्हणाला. ज्याचा कान हेच भांडवल, त्याने आणखी काय समजावे? परगावी सुट्या भागांच्या एका गोदामात खिडकीवर बसण्याची नोकरी होती. तिथे कानाचे काम नव्हते. एक तारखेपासून येतो, असे त्याने कळवून टाकले आणि तिला यातले काही सांगू नये म्हणून मला बजावले.

पाचव्या खेपेला ती आली तेव्हा तो पुढे झाला नाही. हात पुसत दारातच उभा राहिला आणि म्हणाला की यापुढे गाडी दुसरीकडे दाखवावी. तिचा चेहरा उतरला. माझं काही चुकलं का, असे तिने विचारले.

"तुमचं नाही चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला ऐकू येते ती टिकटिक मला येत नाही. पंधरा दिवस शोधतोय... नाही येत. माझा कान गेला."

ती दोन पावले पुढे आली.

"कान गेला असता, तर त्या दिवशी मी पुटपुटले ते ऐकू आलं नसतं."

"ते जवळून होतं."

"मग हेही जवळूनच ऐका. तुम्ही चालवा, मी मागे बसते. टिक वाजली की तुमच्या खांद्यावर बोट आपटीन. कान नाही तर नाही, खांद्याला तरी कळेल."

गावाबाहेर तलावाच्या बाजूने जो उताराचा रस्ता जातो, त्या रस्त्याने ते निघाले. झाडांवरून नुकतीच एक सर ओघळून गेली होती आणि ओल्या पानांचा वास वाऱ्याबरोबर तोंडावर येत होता. तिचे बोट त्याच्या डाव्या खांद्यावर हलकेच पडू लागले. टिक... टिक... टिक. त्याने वेग वाढवला. बोट त्याच तालात. त्याने वेग कमी केला, बोट तसेच. त्याने मला पुढे सांगितले की एवढ्या वर्षांत कोणत्याही यंत्राने त्याच्या छातीत इतकी धडधड केली नव्हती, आणि कानात काही ऐकू येत नसल्याचे दुःख व खांद्यावरच्या बोटाचे सुख ही दोन्ही एकाच वेळी कशी सोसावीत, हे त्याला समजेना.

उतार लागला तेव्हा, गाडी तपासताना नेहमी करतो त्याप्रमाणे, त्याने इंजिन बंद केले. गाडी नुसत्या उतारावर सरकू लागली. सभोवती वाऱ्याखेरीज आवाज उरला नाही.

टिक... टिक... टिक. बोट पडतच होते.

त्याने सावकाश ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली.

"वाजतंय?" त्याने विचारले.

"वाजतंय ना."

"इंजिन बंद आहे."

खांद्यावरचे बोट थांबले.

"कोणत्या कानात वाजतंय?"

"डाव्या," ती म्हणाली. मग मान उजवीकडे कलती करून, "उजव्या कानात... नाही."

तिने हेल्मेट काढले. डाव्या कानातून एक काळी तार निघून जॅकेटच्या खिशात गेली होती, आणि खिशात काडेपेटीएवढे गाणी ऐकण्याचे यंत्र होते. ओशाळून तिने तारेच्या टोकाचे ते कानातले बोंड काढले, ओढणीला पुसले आणि त्याच्या कानात बसवले. कुणी एक गायिका जुने गाणे गात होती. कानसेनाने डोळे मिटले. गाण्याच्या मागे, अगदी मागे...

"लंबकाचं घड्याळ आहे," तो म्हणाला. "एक नाही. दोन. दुसरं थोडं लांब आहे."

असे म्हणताना त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आले, आणि ते त्याने पुसले नाही.

खुलासा असा की तिचे वडील घड्याळजी होते. लेकीला दिवसभर उन्हातान्हात फिरावे लागते, तर तिची करमणूक व्हावी, म्हणून रेडिओवर लागलेली तिच्या आवडीची गाणी त्यांनी दुकानातल्या टेबलावर हे यंत्र ठेवून त्यात भरून घेतली होती. गाण्यांबरोबर भिंतीवरची घड्याळेही भरली गेली. ती मुलगी घड्याळांतच जन्मली आणि वाढली. घरी बसून गाणी ऐकताना तिला टिकटिक जाणवत नसे, कारण तिथे ती हवेसारखी सर्वत्र असते. गाडीवर बसून घर मागे पडले, की मगच ती ऐकू यायची.

ती हसू लागली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला, कारण आपल्या एका गाण्यापायी या माणसाने पंधरा दिवस काय सोसले हे तिच्या ध्यानात आले. मग मात्र कानसेन रागावला. मागून ट्रक आला असता तर काय केले असते, असे त्याने विचारले. एक कान उघडा असतो, असे ती म्हणाली.

"इंजिनाची टिकटिक की घड्याळाची, हे पंधरा दिवसांत कळलं नाही. आणि म्हणे एक कान उघडा असतो."

"रोज तीस घरं असतात," ती हळूच म्हणाली. "सगळे हात पुढे करतात आणि तोंड फिरवतात. गाणं नसेल तर मी बोलायचं कुणाशी?"

 गाडीच्या टाकीवरचे पाण्याचे थेंब त्याने बाहीने पुसले, कोरडी झालेली टाकी पुन्हा एकदा पुसली, आणि मग परगावच्या नोकरीचे सांगून टाकले. ती यंत्राची तार बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"कधी जाणार?"

"एक तारखेला."

"मग एक तारखेला माझी गाडी बिघडणार."

"काय होणार आहे तिला?"

"ते तुम्ही ऐकून सांगा."

"तिला काही झालेलं नाही," कानसेन म्हणाला. "जे झालंय ते... मला झालंय."

तिने ते यंत्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकले आणि म्हणाली की आता हे तुमच्याकडेच ठेवा, संध्याकाळी गाडी उभी केली की दोघं मिळून ऐकू. परत येताना ती चालवत होती आणि तो मागे बसला होता. ती वळून वळून काही सांगत होती आणि तो पुढे बघा, पुढे बघा, असे म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गोदामाला नकार कळवला आणि धुतलेला सदरा घालून घड्याळजींचे दुकान गाठले. काय बोलावयाचे ते मी त्याला चार ओळींत लिहून दिले होते, ते तो दारातच विसरला. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकले होते. मान वर न करता ते म्हणाले, "पंधरा दिवसांत मुलीची गाडी पाचदा तुमच्याकडे आली. एकतर कारागीर कच्चा, नाहीतर बेत पक्का. तुमचं काय आहे?"

कानसेनाचे लक्ष मात्र भिंतीकडे गेले होते. तिथे लहानमोठी चाळीसेक घड्याळे एकदम चालू होती. त्याने मान किंचित तिरकी केली.

"काका, वरच्या रांगेतलं तिसरं लंगडतंय."

"ते कालच दुरुस्त केलंय मी."

"लंगडतंय."

घड्याळजी उठले. त्यांनी ते घड्याळ उतरवून कानाशी धरले, बराच वेळ धरले, मग दुसऱ्या कानाशी धरले. शेवटी मागची झडप उघडून भिंगातून आत पाहिले आणि चिमट्याने एक चाक जागेवर बसवले. घड्याळ पुन्हा खिळ्याला अडकवून त्यांनी एक स्टूल त्याच्यापुढे सरकवले.

"बस," ते म्हणाले. इतका वेळ त्याला 'तुम्ही' म्हणणारा हा मनुष्य आता एकेरीवर आला होता. "बाकीचीही ऐकून सांग, कुठली बिघडलीयत ते. हल्ली मला नीट ऐकू येत नाही. घरात बोलू नकोस कुणाजवळ."

कानसेन स्टुलावर बसला. त्यांच्या हातावर हात ठेवून तो म्हणाला की नाही बोलणार, आणि रोज संध्याकाळी येऊन ऐकत जाईन. आतल्या दाराच्या पडद्यामागे ती उभी होती. तिने सर्व ऐकले होते, आणि वडिलांना ते कळू नये म्हणून ओढणी तोंडावर धरली होती. पुढे लग्नाच्या बोलण्यांत घड्याळजींनी स्वतःच सर्वांदेखत आपले गुपित सांगितले, म्हणूनच ते येथे लिहिण्याचे धाडस मी केले आहे.

येथवर वाचण्याचे ज्यांनी श्रम घेतले त्या सर्व वाचकांचा मी ऋणी आहे. लेखनात जेथे शब्द चुकला असेल तेथे तो दोष माझ्या सातवीचा समजावा, आणि जेथे मन भरून आले असेल तेथे त्याचे श्रेय त्या दोघांना द्यावे.

आपला नम्र,
कानसेनाचा शेजारी पंक्चरवाला