रुजू होण्याची मुदत

मंगळवारी सकाळी अकरा वाजता धुळ्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या मुलाखती सुरू झाल्या. जागा वनस्पतिशास्त्राची होती आणि त्या विषयात पूर्णवेळ प्राध्यापक एकटी रूही, म्हणून समितीत तीही होती. प्राचार्य चुडामण पाटलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उमेदवारांत कोणी नात्यातलं, जवळचं?"

"नाही, सर," रूही म्हणाली.

उमेदवारांच्या यादीत अतिकचं नाव तिने सकाळीच वाचलं होतं. तिने मान वर केली. तो दारातच उभा होता... शिपायाने आत बोलावलेला.

दोघांची ओळख पाचोऱ्यातली, अशाच मुलाखतीच्या रांगेतली. रूही झेरॉक्स काढायला गेली आणि अनोळखी अतिकने तिची जागा राखली. नोकरी एकच होती; ती रूहीला मिळाली. त्याने केळीच्या वेफर्सची पार्टी मागितली. तासिकेची नोकरी उन्हाळ्यात संपते, त्यामुळे दर पावसाळ्यात नवी रांग, आणि रांगेत पुन्हा ती दोघं. "मॅडम, आपण रांगेतच म्हातारे होणार," तो म्हणायचा. ती हसायची, पण नजर काढून घ्यायची नाही. घरी सांगायचं ते नोकरीत कायम झाल्यावर, असं ठरलं. मग रूही धुळ्यात लागली, दोन वर्षांच्या परिवीक्षेवर. तेवढी संपू दे, ती म्हणाली. जळगावहून येणारे त्याचे फोन हळूहळू कमी झाले.

मुलाखतीत तिने त्याला एकच प्रश्न विचारला. त्याने टेबलाकडे पाहत नीट उत्तर दिलं.

दुपारी व्हरांड्यात ती त्याच्यामागे गेली. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती.

"मार्चला परिवीक्षा संपते, म्हणून मी—"

"खरं तेच बोललात, मॅडम. नातं होतं कुठे? ठरवायचं राहूनच गेलं."

"आता ठरवू या?"

तो हसला. पूर्वीसारखाच, एका गालाने. "आता ठरवलं तर आत दिलेलं तुमचं उत्तर खोटं पडेल. माझी निवड झाली तर लोक म्हणतील, मॅडमनी आपला माणूस घेतला. तुमचं कायम होणं तिथेच अडेल."

"आणि तुम्ही रुजूच झाला नाहीत तर?"

"तर मी बेकार." तो म्हणाला, "आणि मोकळा..."

कशासाठी मोकळा, हे तिने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तिला तो फाटकाबाहेर गेल्यावर कळलं.

संध्याकाळी यादी लागली. पहिलं नाव अतिकचं होतं. रुजू होण्याची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत.

सोमवारी साडेअकराला प्राचार्यांनी रूहीला विचारलं, ते सर येणार आहेत का? माहीत नाही, असं तिने सांगितलं. बारा वाजेपर्यंत अतिक रुजू झालेला नव्हता. रूहीने लावून पाहिला, त्याचा फोन लागत होता. त्याने तो उचलला नाही.