बंड्याला काय चालतं

नीलम जिन्यात बसून कुत्र्याला द्राक्षं भरवत होती. तेवढ्यात गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरणाऱ्या माणसाने तिचं मनगटच धरलं.

"देऊ नका. कुत्र्याला द्राक्षं बाधतात," तो म्हणाला, आणि हात सोडला... जरा उशिराच.

साताऱ्याहून बँकेच्या नोकरीसाठी चेन्नईतल्या अंबत्तूरला आल्यापासून तिच्याशी मराठीत कुणी बोललंच नव्हतं. हा प्राणेश, खालच्या मजल्यावरचा, मूळचा तंजावूरचा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातला.

"मग द्यायचं काय?"

"बिनमिठाचा भात. उकडलेला भोपळा, गाजर, अंडं. कांदा मात्र नको. नाव काय ह्याचं?"

"बंड्या."

"तमिळ कुत्र्याला मराठी नाव?"

"मराठीत बोललं की शेपूट हलवतो. इथली माणसं तेवढंही करत नाहीत."

"शेपूट असती तर मीही हलवलो असतो," तो गंभीरपणे म्हणाला.

त्यानंतर प्राणेश रोज संध्याकाळी भोपळा उकडून वर आणू लागला. बंड्या खायचा आणि ही दोघं पायरीवर बसायची. नीलम प्रेमात पडली, अगदी सपशेल. तो मात्र बोलायचा ते बंड्याबद्दलच — दही पचलं का, गाजर संपवलं का...

मग बंड्याने खाणं टाकलं. म्हातारा झालाय, म्हणत डॉक्टरांनी हात टेकले. नीलमला एकच धास्ती: हा गेला की प्राणेशला वर यायला निमित्तच उरणार नाही. या विचाराची तिला लाज वाटे, आणि तरी तो डोक्यातून जाईना.

भर पावसात बंड्या गेला. दोघांनी त्याला मैदानाच्या कडेला पुरलं. प्राणेश हात धुऊन खाली निघून गेला. नीलम अंथरुणावर पडून राहिली. या शहरात आता आपलं कुणी नाही, हे तिला स्वच्छ कळलं. रडूसुद्धा येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. प्राणेश उभा होता, चिंब भिजलेला, रिकाम्या हातांनी.

"कालपासून तुमच्या घरात भांडं वाजलं नाही. म्हटलं, जेवायला काही आणू. बाजारात गेलो आणि तसाच उभा राहिलो..." तो अडखळला. "बंड्याला काय चालतं, सगळं ठाऊक. तुम्हाला काय आवडतं, ते मी कधी पुसलोच नाही."

कालपासून अडलेलं रडू आता फुटलं.

"वांगं नाही आवडत," ती हुंदके देत म्हणाली.

"अजून?"

"काल तुम्ही खाली निघून गेलात... ते नाही आवडलं."

"आता नाही जात," प्राणेश म्हणाला, आणि त्याने दाराशी चपला काढल्या.