डाव्या डोळ्याची बोली

पुष्करला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. बारशासाठी त्याचा धाकटा भाऊ दीपेश मुंबईहून देवबागेत आला आणि बारशाच्याच सकाळी त्याच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली. डावी भुवई हलेना, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, काही महिने जातील. रजा टाकून दीपेश घरीच राहिला.

एके दिवशी वहिनीने त्याला मालवण बंदरावर पिटाळलं, चार बांगडे आणायला.

बंदरावर हौसाबाईंचा मासळीच्या पाट्यांचा लिलाव चालला होता. म्हातारीचा आवाज बसल्यापासून पुकारा तिची भाची आकांक्षा करायची. हौसाबाईंची रीत जुनी... भाव पुकारला की घेणाऱ्याने तोंड न उघडता एक डोळा मिटायचा. शेजारच्याला कळता कामा नये. आकांक्षाची नजर त्यात अशी तयार झाली होती की कुणाची पापणी लवली तरी तिला दिसायची.

दीपेश गर्दीत येऊन उभा राहिला. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत वाळू गेली. त्याने डोळे मिटले – मिटला एकच.

"झाली. पाटी तुझी," आकांक्षा म्हणाली.

"माझी? मी बोली लावूकच नाय."

"मगे डोळो कोणाक मारलंस?"

बायका हसल्या. दीपेश ओशाळून हसला, पण ओठ एकीकडेच गेले आणि ते हसू कुचकट दिसलं. आकांक्षा तापली.

"आणि वर हसतंस?"

"तसा नाय गो... माझ्या तोंडाची एक बाजू चलणा नाय. डोळे मिटूक गेलंय तर एकच मिटता."

ती जवळ येऊन बघत राहिली. खरंच, एकच मिटत होता. आणि तो मिटला की तिचे गाल उगाच गरम होत होते.

"ऱ्हवांदे पाटी," ती हळू म्हणाली.

"नको. घेतंय. बोली ती बोली."

त्या दिवशी देवबागेत शेजारीपाजारी बांगडे वाटावे लागले.

मग तो येतच राहिला. आकांक्षा त्याला गिऱ्हाइकांत उभं राहू देत नसे, आपल्या पाठीमागे बसवायची. लिलाव आटपला की गप्पा.

"माझी आतेबहीण इशिता मेंदूचा शिकता," तो एकदा म्हणाला. "ती सांगता, समोरचो माणूस कोण तां वळखूची मेंदूत एक जागा. त्याचे डोळे, ओठ कसे हलले तां वाचूची दुसरी. ही दुसरी लय उतावळी. खरा-खोटा इचारूक थांबणा नाय."

"म्हणानच. माका सगळा ठावक आसा, तरी..."

"तरी काय?"

"काय नाय. बांगडे बघ."

त्याची उजवी भुवई किंचित वर गेली. थट्टा करायची असली की ती आधी वर जायची, हे आकांक्षा एव्हाना शिकली होती. पण मनातलं काही त्या अर्ध्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तोंड बरं झालं की तो मुंबईला जाणार होता. ती देवळात त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायची... आणि देव ऐकेल म्हणून घाबरायची.

देवाने ऐकलं. पावसाळा सरता सरता दीपेश आला तो खांद्याला बॅग लावून, आणि सरळ गिऱ्हाइकांत उभा राहिला. त्याच्या पापण्या लवल्या – दोन्ही, एकदम, सारख्या. आकांक्षाचा पुकारा मध्येच अडकला.

लिलाव संपल्यावर ती पाटी धुवायला लागली. "बरो झालंस," ती मान वर न करता म्हणाली. "गाडी किती वाजता?"

"आधी पुकार."

"काय पुकारू? मासळी संपली."

"रिकामी पुकार."

तिने रिकामी पाटी वर धरली. दीपेश तिच्याकडे बघत होता. उजवा डोळा उघडाच राहिला, आणि डावा – इतके महिने जो मिटत नव्हता तो – एकटाच, सावकाश मिटला.

"ह्यो कसलो?" तिने विचारलं.

"आदले सगळे दुखण्याचे होते. ह्यो माझो."

मागून हौसाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगो चेडवा, बोली झाली. आता मोडूक येणा नाय."

दीपेशने बॅग परत देवबागेत नेली. पुढच्या वैशाखात लग्न झालं. नंतर हौसाबाईंना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. भेटायला येणारे नजर चुकवायचे. दीपेश मात्र समोर बसून त्यांची चांगली भुवई बघायचा आणि आत सांगायचा, "मावशी चाय मागतत."

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई वारल्या.